भवानी होण्याआधी

२००९ सालच्या सुरुवातीला एअरबीएनबी या कंपनीची आठवड्याची कमाई होती २०० डॉलर. तीन संस्थापक, त्यांचं खाणंपिणं, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या महागड्या शहरातलं घरभाडं आणि क्रेडिट कार्डांवर साचलेलं कर्ज, हे सगळं त्या २०० मध्ये भागवायचं होतं. डिसेंबर २०२० मध्ये हीच कंपनी शेअर बाजारात आली आणि पहिल्याच दिवशी तिचं मूल्य १०० अब्ज डॉलरच्या घरात गेलं. मधल्या अकरा वर्षांवर पुस्तकं निघालीत, व्याख्यानं झालीत, व्यवस्थापनाच्या वर्गात धडे शिकवले जातात. नव्या उद्योजकाला कामाचे आहेत ते त्यातले अगदी सुरुवातीचे दिवस. ते मात्र दोन ओळींत उरकले जातात, कारण त्यांत सांगण्यासारखं झगमगीत काही नाही. होती ती बरीचशी पायपीट.

ब्रायन चेस्की आणि जो गेबिया हे ऱ्होड आयलंडच्या डिझाइन कॉलेजातले मित्र. ऑक्टोबर २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डिझाइन क्षेत्रातल्या लोकांचं मोठं अधिवेशन होतं, हॉटेलं भरून गेली होती आणि या दोघांपुढे वाढलेलं घरभाडं कसं भरायचं हा प्रश्न होता. त्यांनी हवा भरायच्या तीन गाद्या आणल्या, घरात पसरल्या आणि सकाळच्या न्याहारीसकट रात्रीचे ८० डॉलर लावले. तीन पाहुणे आले. पुढे नेथन ब्लेचार्झिक हा प्रोग्रॅमर त्यांच्यात आला आणि वेबसाइट उभी राहिली.

मार्च २००८ मध्ये ऑस्टिन शहरातल्या एका मोठ्या महोत्सवाच्या निमित्ताने त्यांनी साइट जाहीर केली. बुकिंग किती झाली? दोन. त्यातलं एक खुद्द चेस्कीचं. गंमत अशी, की कंपनीच्या उपयोगाचं निघालं ते हेच घरचं बुकिंग. यजमानाच्या घरी पोचल्यावर चेस्कीच्या लक्षात आलं की खिशात रोख पैसे नाहीत, एटीएमवर जायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. ज्याच्या घरात झोपतोय, त्याच्याशी पैशांवरून अवघडल्यासारखं झालं आणि यजमानालाही हा प्राणी पैसे देणार की नाही, अशी शंका येऊ लागली. पैशांचा व्यवहार समोरासमोर नको, तो साइटवरच आधी झाला पाहिजे, हा निर्णय त्या अवघडलेपणातून आला. आज एअरबीएनबीचा सगळा धंदा त्यावर उभा आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये ओळखीतून सात गुंतवणूकदारांना पत्रं गेली. मागणी होती दीड लाख डॉलरची. पाच जणांनी नकार कळवला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. चेस्कीने ती नकाराची पत्रं पुढे २०१५ मध्ये जाहीर केली. पैशांची नड तर होतीच. २००८ मध्ये अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचा मोसम होता, म्हणून या तिघांनी ओबामा आणि मॅकेन यांच्या नावाने न्याहारीच्या सीरियलची खोकी छापून घेतली, पुठ्ठे स्वतः घडी घालून गरम गोंदाने चिकटवले आणि ४० डॉलरला एक खोकं विकलं. त्यातून ३० हजार डॉलरच्या आसपास आले. म्हणजे मूळ धंद्यापेक्षा खोक्यांनीच जास्त मिळवून दिलं!

पुढे नव्या कंपन्यांना पैसे आणि सल्ला देणाऱ्या वाय कॉम्बिनेटर या संस्थेच्या पॉल ग्रॅहमसमोर मुलाखत झाली. परक्याच्या घरी लोक झोपतील ही कल्पना त्याला मुळीच पटली नव्हती. निघताना त्याच्या हाती ते खोकं पडलं. चार डॉलरची सीरियल चाळीसला खपवणारी माणसं उपाशी मरणार नाहीत, एवढ्या हिशेबावर त्याने त्यांना घेतलं. जानेवारी २००९ मध्ये ते तिथे दाखल झाले तेव्हा ग्रॅहमने साधा प्रश्न विचारला: तुमची गिऱ्हाइकं कुठे आहेत? न्यूयॉर्कला. मग तुम्ही इथे कॅलिफोर्नियात काय करताय?

ते न्यूयॉर्कला गेले. साइटवरच्या घरांचे फोटो पाहिले तर यजमानांनी मोबाइलवर काढलेले, अंधारे, पसारा दिसणारे. घर चांगलं असलं तरी फोटो पाहून कोणी पैसे टाकले नसते. त्यांनी चांगला कॅमेरा भाड्याने घेतला आणि दारोदार फिरून स्वतः फोटो काढले. यजमानाला सांगितलेलं असायचं की कंपनीचा फोटोग्राफर येईल. दार उघडलं की समोर खुद्द संस्थापक उभा. कंपनी केवढीशी आहे हे यजमानाला तिथल्या तिथे कळायचं. नवे फोटो साइटवर चढले आणि आठवड्याची कमाई २०० वरून ४०० डॉलर झाली. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदाच आकडा हलला होता.

फोटोंपेक्षा मोठा लाभ त्या घरांतल्या बसण्या-बोलण्यातून झाला. एका यजमानाने तर सुधारणांच्या सूचना लिहिलेली भलीमोठी फाइलच काढून पुढ्यात ठेवली. दुसरा एक जण ढोलवादक होता, एका प्रसिद्ध गायकाच्या ताफ्यात दौऱ्यावर जाणारा. त्याला दौऱ्याच्या काळात आपलं अख्खं घर भाड्याने द्यायचं होतं. पण कंपनीचा नियम असा की यजमानाने घरीच राहायचं, पाहुण्यासाठी गादी टाकायची आणि सकाळी न्याहारी द्यायची. नावच मुळी ‘एअरबेड अँड ब्रेकफास्ट’! दौऱ्यावर गेलेला माणूस न्याहारी कुठून देणार? नियम गेला, अख्खी घरं साइटवर आली, आणि मार्च २००९ मध्ये नावही आखडून एअरबीएनबी झालं. खोलीत बसून कितीही डोकं खाजवलं असतं तरी हा ढोलवादक त्यांना सुचला नसता.

ग्रॅहमने २०१३ मध्ये याच अनुभवांवर एक निबंध लिहिला आणि तो उद्योजकांच्या जगात गाजला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की मोठ्या प्रमाणावर कधीच करता येणार नाहीत अशी कामं सुरुवातीला मुद्दाम हाताने करा. त्यातलं एक उदाहरण स्ट्राइपचं. पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन हे आयर्लंडचे दोन भाऊ, वेबसाइटवर पैसे स्वीकारण्याची सोय विकत होते. वाय कॉम्बिनेटरच्या वर्तुळात कोणी ‘बघू, वापरून पाहू’ म्हटलं की बाकीचे संस्थापक खूश होऊन लिंक पाठवतो म्हणायचे आणि घरी जायचे. कॉलिसन बंधू म्हणायचे, आण तुझा लॅपटॉप इकडे. आणि तिथेच बसून स्ट्राइप जोडून द्यायचे. ‘बघू’ म्हणणाऱ्या माणसाला पळवाटच ठेवायची नाही. आपल्याकडे विम्याचा एजंट फॉर्म भरून सही घेतल्याशिवाय उठत नाही, ती चिकाटी त्यांनी कोडिंगमध्ये आणली एवढंच.

मला यात रस वाटतो तो एका कारणाने. शिकलेल्या माणसाला हे काम कमीपणाचं वाटतं. इंजिनिअर झालो, चांगली नोकरी सोडली, आता दारोदार फिरू? त्यापेक्षा साइटचा रंग बदलणं, लोगो ठरवणं, गुंतवणूकदारांसाठी स्लाइड्स सजवणं बरं वाटतं. त्या कामांत कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. दारावर मात्र रोज नकार पचवावा लागतो, आणि नकाराचं कारण समजून घ्यावं लागतं. आपल्या कॉलेजांतल्या उद्योजकता स्पर्धा पाहिल्या की हे जाणवतं. बक्षीस कल्पनेला असतं, सादरीकरणाला असतं. ‘आजवर किती जणांनी पैसे मोजले?’ हा प्रश्न परीक्षक क्वचितच विचारतात.

दारोदार फिरण्याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणून फ्लिपकार्टची सुरुवात घ्या. सचिन आणि बिनी बन्सल हे दिल्ली आयआयटीचे, दोघांनी ॲमेझॉनमध्ये नोकरी केलेली. २००७ मध्ये बंगळुरूच्या कोरमंगला भागातल्या घरातून, पदरच्या चार लाख रुपयांवर त्यांनी पुस्तकांची साइट काढली. पहिली ऑर्डर आली ती तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगरच्या एका वाचकाकडून, जॉन वुडच्या एका पुस्तकाची. पुस्तक सहजासहजी मिळेना. दोघांनी बंगळुरूतली दुकानं पालथी घातली, प्रत मिळवली आणि पाठवली. मग गंगाराम्स या नामांकित पुस्तकांच्या दुकानाबाहेर उभं राहून, पुस्तकं घेऊन बाहेर पडणाऱ्या लोकांच्या हातात फ्लिपकार्टच्या वाचनखुणा ठेवायला सुरुवात केली. जाहिरात कुठे करावी याचं याहून नेमकं उत्तर सापडणं अवघड आहे. दुकानातून पिशवी घेऊन निघालेला माणूस पुस्तकं विकत घेतो, हे सिद्ध झालेलंच असतं.

पॅकिंग, पोचवणं, तक्रारी, सगळं स्वतः केल्यामुळे त्यांना भारतीय गिऱ्हाइकाची खरी अडचण कळली. कार्ड असलेले लोक थोडे, आणि असलं तरी न पाहिलेल्या दुकानाला आधी पैसे द्यायची तयारी नाही. अमेरिकेतल्या ॲमेझॉनला हा प्रश्न या स्वरूपात पडलाच नव्हता, त्यामुळे तिथून उचलावं असं उत्तरही नव्हतं. २०१० मध्ये फ्लिपकार्टने ‘माल हातात पडल्यावर पैसे’ ही सोय आणली, आणि कुरिअर कंपन्यांच्या भरवशावर न राहता पोचवण्याची स्वतःची यंत्रणा बांधायला घेतली. २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टमधला ७७ टक्के वाटा १६ अब्ज डॉलरला घेतला.

हे सगळं गेल्या वीस वर्षांतलं आणि संगणकाचं, असं वाटत असेल तर बेळगावला जाऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. बढतीत डावललं गेल्यावर ती नोकरी सोडून ते बेळगावला भावाकडे आले. तिथे १८८८ मध्ये सायकलचं दुकान सुरू झालं होतं. सायकल म्हणजे तेव्हा नवलाची वस्तू. ती विकायची तर आधी माणसाला चालवायला शिकवायला हवी, म्हणून दुकानदार पैसे घेऊन सायकल शिकवतही होते. आजच्या भाषेत यालाच ग्राहकाला हाताला धरून आत आणणं म्हणतात, आणि त्यासाठी कंपन्यांत वेगळं खातं असतं.

पुढे लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला. लाकडी नांगरापेक्षा तो मजबूत होता, यात शंका नव्हती. तरी पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. शेतकऱ्यांची समजूत अशी, की लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं. आता ही अडचण कारखान्यात बसून कशी सुटणार? वस्तूत दोष नाही, किंमत हा मुख्य मुद्दा नाही, अडलंय ते भीतीपाशी. आणि भीती जाते ती शेजारच्या रानात तोच नांगर चाललेला आणि पीक तरारलेलं पाहिल्यावर. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिच्यामागे ही दोन कोरडी वर्षं आहेत.

नव्या वस्तूबद्दल लोकांना सर्वेक्षणात विचारलं तर ते भिडेखातर ‘छान आहे’ म्हणतात. पैसे देताना भीड गळून पडते. म्हणून निक स्विनमर्नने १९९९ मध्ये बूट ऑनलाइन विकायचं ठरवलं तेव्हा माल भरलाच नाही. जवळच्या दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले, साइटवर टाकले, आणि ऑर्डर आली की त्या दुकानातून पूर्ण किमतीला बूट विकत घेऊन पाठवले. प्रत्येक जोडामागे नुकसानच. पण लोक पायात घालून न पाहता बूट घेतील का, या प्रश्नाचं उत्तर त्याला गोदाम न बांधता मिळालं. ती कंपनी म्हणजे झॅपोस, पुढे ॲमेझॉनने घेतलेली.

डोअरडॅशचंही तसंच. स्टॅनफर्डच्या चार विद्यार्थ्यांना पालो आल्टोतल्या एका मिठाईच्या दुकानात व्यवस्थापिकेने ऑर्डरींचं जाड पुस्तक दाखवलं. घरपोच मागणी होती, पण पोचवायला माणूस नाही म्हणून नाकारलेल्या त्या ऑर्डरी. जानेवारी २०१३ मध्ये या चौघांनी एक साधं वेबपान केलं, त्यावर आजूबाजूच्या खाणावळींची मेनूकार्डं टाकली आणि स्वतःचा फोन नंबर दिला. फोन वाजला की एकाने उठायचं आणि जेवण पोचवून यायचं. कोण कुठे आहे हे पाहायला मोबाइलमधलं मित्र शोधायचं तयार ॲप वापरलं. स्वतःचं असं सॉफ्टवेअर जवळपास काहीच नव्हतं. पुढे कंपनी मोठी झाल्यावरही अधूनमधून सगळ्यांनी, इंजिनिअरांनीसुद्धा, एखादी ऑर्डर पोचवून यायची असा नियम त्यांनी ठेवला. काही इंजिनिअरांनी त्यावर कुरकुर केली. माझं मत संस्थापकांच्या बाजूने आहे. पावसात भिजत इमारतीचं प्रवेशद्वार शोधलेला माणूस पत्त्याचा रकाना वेगळा लिहितो.

या कामामागे साधं गणितही आहे. दहा गिऱ्हाइकं असताना दर आठवड्याला दहा टक्के वाढ म्हणजे एक नवं गिऱ्हाईक. एका माणसाला धरून आणणं कोणालाही जमतं. हाच वेग टिकला तर वर्षाअखेरीस दहाची साधारण १,४०० होतात आणि दोन वर्षांत दोन लाखांच्या पुढे जातात. सुरुवातीचा आकडा लाजिरवाणा असतो म्हणून लोक हात टेकतात. पाहायचा असतो तो वेग. एअरबीएनबीच्या बाबतीत २०० डॉलर की ४०० हा मुद्दा नव्हता. एका हालचालीने दुप्पट झाले, हा होता.

पुण्याच्या क्विक हील या अँटीव्हायरस कंपनीकडेही मी गिऱ्हाइकाजवळ जाण्याच्या याच नजरेने पाहतो. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, वाढले पुण्यात. दहावीनंतर शिक्षण सोडून महिना ४०० रुपयांवर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायच्या दुकानात लागले. पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं, संगणक येऊ लागल्याचं पाहिलं आणि तेही दुरुस्त करायला शिकले. धाकटा भाऊ संजय याला त्यांनी संगणकाचं शिक्षण दिलं. दुकानात येणारे बरेच संगणक व्हायरसने बिघडलेले असायचे. संजय प्रत्येक व्हायरससाठी छोटा उपाय लिहायचा. अशा उपायांची एक पेटीच जमली, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ती क्विक हील नावाने विकायला काढली. म्हणजे अँटीव्हायरसची बाजारपेठ किती मोठी आहे याचा अभ्यास करून ही कंपनी निघाली नाही. रोज समोर येणारं तेच ते दुखणं आधी दिसलं.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला हाच भाग जास्त मोलाचा वाटतो. सॉफ्टवेअर चांगलं असूनही खपेना. दोन्ही भाऊ तंत्रज्ञ. दुरुस्ती येत होती, विक्रीची घडी बसवणं येत नव्हतं. कंपनी बंद करावी का, इथवर पाळी आली होती. मार्ग निघाला तो विक्री जाणणारी माणसं घेतल्यावर आणि गावोगावच्या संगणक विक्रेत्यांना व दुरुस्तीवाल्यांना आपले विक्रेते केल्यावर. ज्या टेबलावर संगणक उघडून बसला आहे तिथेच गिऱ्हाइकाला अँटीव्हायरस सुचवला जाणार. हे टेबल काटकरांच्या ओळखीचं होतं, कारण ते स्वतः त्याच्या मागे बसलेले होते. २०१० मध्ये सिकोया या गुंतवणूक संस्थेने ६० कोटी रुपये घातले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

हाताने काम करण्याच्या या धड्याला दुसरी बाजूही आहे. एकेका गिऱ्हाइकाच्या दारी जाता जाता माणूस एकाच्याच दारी अडकतो. तो म्हणेल ते बदल, तो म्हणेल तो दर, आणि बघता बघता कंपनी म्हणजे त्या एका बड्या गिऱ्हाइकाचं बाहेरचं खातं होतं. इन्फोसिसवर ही वेळ आली होती. सात जणांनी जुलै १९८१ मध्ये पुण्यात नोंदवलेली, सुधा मूर्तींनी साठवलेल्या १० हजार रुपयांवर सुरू झालेली ही कंपनी १९९५ पर्यंत बरी स्थिरावली होती. तेव्हा तिचा चौथाई महसूल एकाच बलाढ्य अमेरिकी कंपनीकडून येत होता. त्या कंपनीने आपल्या भारतीय पुरवठादारांना बंगळुरूच्या ताज रेसिडेन्सी हॉटेलात बोलावलं, प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवलं म्हणजे एकमेकांशी बोलायला नको, आणि दर पाडून मागितले. नारायण मूर्तींनी आणि सहकाऱ्यांनी नम्रपणे नकार दिला आणि काम सोडलं. चौथाई उत्पन्नावर पाणी! त्यानंतर कुठल्याही एका गिऱ्हाइकावर, एका देशावर किंवा एका तंत्रज्ञानावर प्रमाणाबाहेर अवलंबून राहायचं नाही, अशी मर्यादा त्यांनी घालून घेतली.

संस्थापकांच्या गोष्टी ऐकताना आणखी एक सावधगिरी हवी. त्या यश मिळाल्यावर सांगितलेल्या असतात आणि सांगता सांगता गुळगुळीत होतात. ई-बे ही ऑनलाइन लिलावाची कंपनी संस्थापकाच्या वाग्दत्त वधूला तिच्या छंदाच्या वस्तूंची देवाणघेवाण करता यावी म्हणून निघाली, ही गोष्ट वर्षानुवर्षं छापली गेली. ती कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने रचलेली होती. खरी गोष्ट जास्त मजेदार आहे. १९९५ मध्ये संस्थापक पियरे ओमिद्यारने त्या साइटवर विकलेली पहिली वस्तू म्हणजे मोडका लेझर पॉइंटर, किंमत १४.८३ डॉलर. त्याने घेणाऱ्याला कळवलं, हा मोडका आहे हे लक्षात आलंय ना? उत्तर आलं, मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो. संस्थापकाने स्वतः विचारलं नसतं तर चुकून झालेली विक्री म्हणून त्याने ती सोडून दिली असती. शिवाय दारोदार फिरूनही बुडालेल्या कंपन्या असंख्य असतील. त्यांच्या संस्थापकांना व्याख्यानाला कोणी बोलावत नाही. तेव्हा हे काम केलं की यश येतंच असं कोणी समजू नये. हे न करता काय होतं, याचा दाखला मात्र चांगला जाडजूड आहे.

वेबव्हॅन ही कंपनी जून १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात घरपोच किराणा देऊ लागली. संस्थापक लुई बॉर्डर्स, म्हणजे बॉर्डर्स या पुस्तकांच्या प्रसिद्ध दुकानसाखळीच्या संस्थापकांपैकी एक. अनुभवी माणूस, पैशाला तोटा नाही. ऑकलंडमध्ये सरकत्या पट्ट्यांचं प्रचंड स्वयंचलित गोदाम बांधलेलं. सेवा सुरू होऊन काही आठवडेच झाले असतील, तेवढ्यात कंपनीने बेक्टेल या बांधकाम कंपनीशी जवळपास एक अब्ज डॉलरचा करार केला: २६ शहरांत अशी गोदामं बांधायची. नोव्हेंबरमध्ये शेअर बाजारातून ३७.५ कोटी डॉलर उभे केले. पहिलं गोदाम अजून क्षमतेच्या निम्म्यानेही चालत नव्हतं. लोकांना किराणा घरपोच हवा होता, पण किती जणांना, कोणत्या वेळी, किती वेळा आणि किती जादा पैसे देऊन, हे कळण्याआधीच सिमेंट ओतलं गेलं. गोदामाचा खर्च ऑर्डर येवो न येवो रोजचा. जुलै २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि सुमारे दोन हजार माणसांची नोकरी गेली.

कल्पना चुकीची होती म्हणावं तर आज आपल्या मोबाइलवरून भाजी येते. वेबव्हॅनमधलीच काही अनुभवी माणसं पुढे ॲमेझॉनमध्ये गेली. तिथे नोकरीला गेला नाही असा एक जण, मिक माउंट्झ. वेबव्हॅनमधल्या अनुभवावरून त्याने गोदामात माल हलवणारे यंत्रमानव करणारी किव्हा ही कंपनी काढली. २०१२ मध्ये ॲमेझॉनने तीही ७७.५ कोटी डॉलरला विकत घेतली. ॲमेझॉनने स्वतःचा घरपोच किराणा २००७ मध्ये सुरू केला, तो सिएटलजवळच्या मर्सर आयलंड या एका उपनगरापुरता, तोही आमंत्रण मिळालेल्या मोजक्या घरांसाठी. जगातल्या सर्वांत मोठ्या दुकानदारांपैकी एकाकडे पैसा, गोदामं, तंत्रज्ञान सगळं होतं. तरी सिएटलबाहेर दुसरं शहर, लॉस एंजेलिस, घ्यायला त्याने सहा वर्षं लावली.